भेटीचा कॅमेरा आणि घेणाऱ्याचा हात

भेटवस्तू देण्याची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. त्या निवडण्यामागचा विचार मात्र त्या मानाने तोकडाच राहिला आहे. लग्नाच्या आहेरात आलेली भिंतीवरची घड्याळे, सत्कारात मिळालेली स्मृतिचिन्हे, सेवापूर्तीला दिलेले चांदीचे गणपती यांनी किती घरांचे माळे भरले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. या यादीत गेल्या पंचवीस वर्षांत एक वस्तू येऊन बसली, मधल्या काळात जवळजवळ नाहीशी झाली आणि आता पुन्हा दिसू लागली आहे. ती म्हणजे खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा. अशी वस्तू भेट म्हणून कशी निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराचा वाटेल. परंतु कॅमेरा ही पाहण्याची वस्तू आहे आणि दुसऱ्याने काय पाहावे, कसे पाहावे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न दुकानात सुटणारा नाही. प्रस्तुत लेखकाने तो एकदा चुकीचा सोडवलेला आहे. त्या चुकीपासूनच सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२००७ साली आमच्या महाविद्यालयातील इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक सेवानिवृत्त झाले. सरांचा ध्यास शिलालेखांचा आणि वीरगळांचा. सुट्टी लागली की खांद्याला शबनम, हातात वही आणि एसटीचा प्रवास. एखाद्या आडगावच्या देवळामागे अर्धी मातीत गेलेली शिळा आहे असे कळायचा अवकाश, सर तिथे पोचलेले असत. तेव्हा शाल आणि श्रीफळ तर द्यायचेच, पण या वेळी त्यांच्या उपयोगाची वस्तू द्यावी, असा विचार स्टाफरूममध्ये निघाला आणि कॅमेऱ्यावर एकमत झाले. वर्गणी जमली. खरेदीची कामगिरी, विभागातला सर्वांत तरुण माणूस म्हणून, माझ्याकडे आली.

मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्याने दोन प्रश्न विचारले: बजेट किती आणि मेगापिक्सेल किती हवेत. मीही दोन उत्तरे दिली आणि दुसरे उत्तर होते, “जास्तीत जास्त.” कॅमेरा कोणासाठी घ्यायचा आहे, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. काउंटरवर एक सहा मेगापिक्सेलचा, थोडा जाडसर, किराणा दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा, डोळा लावून पाहण्याची छोटी काचेची खिडकी असलेला कॅमेरा होता. त्याच्या शेजारी दहा मेगापिक्सेलचा, चपटा, चांदीसारखा चमकणारा, मागे मोठा पडदा असलेला दुसरा होता. वर्गणी देणाऱ्या तीस जणांना दाखवायला सहापेक्षा दहा हा आकडा बरा, असे मला वाटले. समारंभात प्राचार्यांनी तो आकडा भाषणातही सांगितला आणि टाळ्या पडल्या.

दोन वर्षांनी, २००९ मध्ये, सरांच्या घरी गेलो होतो. चहा झाल्यावर मी उत्साहाने विचारले, “सर, कॅमेऱ्याने काम सोपं झालं असेल ना?” सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या नेहमीच्या सौम्य स्वरात म्हणाले, “फोटो उत्तम येतो हो. अक्षरं मात्र येत नाहीत.”

या एका वाक्याचा अर्थ पुरता समजायला मला बरेच दिवस लागले. झिजलेल्या शिळेवरचे अक्षर हे रंगाने वेगळे नसते. दगडही काळा आणि अक्षराची खाचही काळीच. ते वाचता येते ते केवळ त्या खाचेत पडणाऱ्या केसाएवढ्या सावलीमुळे, आणि ती सावली पडते प्रकाश तिरपा असताना. म्हणूनच अशा शिळा पाहणारी माणसे सकाळची किंवा संध्याकाळची वेळ धरतात. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला अगदी लागून असतो. तो समोरून प्रकाश टाकतो आणि सावली पुसून टाकतो. देवळाच्या अंधाऱ्या ओवरीत आमचा कॅमेरा आपण होऊन फ्लॅश पाडत असे आणि सरांच्या हाती शिळेचा स्वच्छ, चकचकीत, अक्षरहीन फोटो येत असे. फ्लॅश बंद करता येत होता. पण त्यासाठीचे बटण तांदळाएवढे आणि ते कुठे आहे हे सरांना कोणी दाखवले नव्हते. बंद केला तर कॅमेरा जास्त वेळ स्थिर धरावा लागे, म्हणजे तिकाटणे हवे. तेही आम्ही दिले नव्हते. उघड्यावर, दुपारच्या उन्हात, मागच्या पडद्यावर काहीच दिसत नसे. त्यातच सरांचा चष्मा दुहेरी भिंगांचा, त्यामुळे हात लांब करून पडद्याकडे पाहताना मान कोणत्या कोनात ठेवावी हा वेगळाच प्रश्न. आणि बॅटरी संपली की दिवस संपला, कारण ती विशिष्ट आकाराची. आडगावी वीज असेल तेव्हा घरूनच आणलेल्या चार्जरवर तासन्‌तास लावून ठेवायची. काउंटरवरचा तो जाडसर कॅमेरा, त्याची काचेची खिडकी आणि पेन्सिल सेल मला तेव्हा आठवले.

याहून मनाला लागलेली गोष्ट निराळीच आहे. महाविद्यालयाच्या प्रत्येक कार्यक्रमाला सर तो कॅमेरा गळ्यात अडकवून येत. आम्हाला बरे वाटे. एकदा स्नेहसंमेलनात मी म्हणालो, “सर, आमचा एक फोटो घ्या ना.” सर हसले आणि त्यांनी हळूच कॅमेऱ्याच्या बुडाचे झाकण उघडून दाखवले. आत बॅटरी नव्हती. आम्ही दिलेली वस्तू आम्हाला दिसावी, एवढ्यासाठीच ते ती वागवत होते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या भेटवस्तूविषयीच्या आपल्या प्रबंधात तीन बंधनांचा विचार मांडला आहे: देण्याचे बंधन, स्वीकारण्याचे बंधन आणि परतफेडीचे बंधन. वर्गात हे शिकवताना आपण बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या बंधनावर रेंगाळतो. सरांच्या गळ्यातला तो रिकामा कॅमेरा हे दुसऱ्या बंधनाचे उदाहरण होते. विकत घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर माणूस ती परत करतो, विकतो, निदान तिच्याविषयी तक्रार करतो. भेटीची वस्तू नाकारता येत नाही आणि तिच्याविषयी कुरकुरताही येत नाही. आपल्या चुकीचा भार आपण दुसऱ्याच्या सौजन्यावर टाकून मोकळे होतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचा विचार करताना देश, काल आणि पात्र या तीन कसोट्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याची ऐपत त्यात नाही, वस्तूची किंमत नाही, आणि मेगापिक्सेलसारखा कोणताही आकडा तर नाहीच नाही. सरांच्या बाबतीत पात्राची निवड निर्दोष होती. देश म्हणजे अंधारी ओवरी आणि काल म्हणजे कलते ऊन, यांचा विचार मात्र आम्ही केला नव्हता.

आता त्या आकड्याविषयी. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. तो टोस्टरएवढा होता, त्याचे चित्र शंभर बाय शंभर, म्हणजे दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून दहा लाख, वीस लाख, एक कोटी बिंदूंपर्यंतचा प्रवास हा खराच पराक्रम आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यावर प्रत्येक वाढीने चित्र खरोखर सुधारत होते. पण वाढ उपयोगाची राहिली नाही तरी आकडा वाढतच राहिला, कारण विकायला तो सोयीचा होता. साधे गणित करून पाहावे. सहा बाय चार इंचाचा नेहमीचा फोटो दर इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापायचा तर १८०० बाय १२०० बिंदू लागतात, म्हणजे सुमारे २२ लाख. दोन-सव्वादोन मेगापिक्सेल! सरांना त्यांच्या टिपणवहीत चिकटवायला याहून मोठा फोटो नकोच होता. आमच्या दहा मेगापिक्सेलपैकी जवळजवळ आठ हे भाषणासाठी होते.

ज्याला खरोखर महत्त्व आहे तो आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो. तो असतो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकाराचा. सर्वसाधारण छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाहूनही लहान. जुन्या फिल्मची चौकट होती ३६ बाय २४ मिलिमीटरची. तेवढ्याशा नखावर बिंदूंची जितकी गर्दी करावी तितका प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि संधिप्रकाशातले चित्र रवाळ, चिवडल्यासारखे दिसते. २०१२ च्या सुमारास एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर घेऊन खिशात मावणारे कॅमेरे आले. नाव एक इंची असले तरी तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचाच असतो. तरीही नेहमीच्या सेन्सरच्या चौपट. झूमचेही तसेच. भिंगे पुढेमागे सरकून होणारा ऑप्टिकल झूम हाच खरा झूम. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणून दाखवणे, जे घरी संगणकावरही करता येते. खोक्यावर दोहोंचा गुणाकार करून मोठा आकडा लिहिलेला असेल तर तो सोडून द्यावा.

इथे वाचक विचारतील की आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी असताना कॅमेरा भेट द्यायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि बाजाराने त्याचे उत्तर एकदा दिलेही आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली भिंग न बदलता येणारे, म्हणजे प्रामुख्याने असे छोटे कॅमेरे, दहा कोटींहून अधिक बाजारात गेले. २०२३ साली ती संख्या वीस लाखांच्याही खाली होती. पाच कॅमेरे सांगण्याचे कारण मग काय, असेच वाटावे. शिवाय अंधारात अनेक चित्रे झपाट्याने घेऊन ती एकावर एक रचण्याची फोनची युक्ती बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांना जमत नाही. तेव्हा मान्य करायला हवे की घरचे वाढदिवस आणि सहली यांच्यासाठी ज्याला फोटो हवे आहेत, त्याला कॅमेरा देणे म्हणजे आणखी एक घड्याळ माळ्यावर टाकणे होय. जुन्या दिसणाऱ्या चित्रांची हौस म्हणून अलीकडे तरुण मुले वीस वर्षांपूर्वीचे छोटे कॅमेरे शोधत हिंडतात, ती हौस आहे आणि हौसेला मोल नसते. पण भेट देणाऱ्याने दुसऱ्याच्या हौसेचा अंदाज बांधण्यापूर्वी थांबावे. कॅमेरा त्यालाच द्यावा, जो आधीपासून काहीतरी पाहतो आहे.

माझी भाची अशी पाहणारी आहे. २०२५ मध्ये बारावी होऊन तिने वनस्पतिशास्त्रासाठी प्रवेश घेतला आणि मी “काय हवं?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “मामा, छोटा कॅमेरा घेशील?” तिचे वडील लगेच म्हणाले, की फोनला पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, आणखी काय हवे? मला आमचे प्राचार्य आठवले. भाची म्हणाली, “बाबा, फोन काढला की आधी तीन मेसेज दिसतात. फूल राहतं बाजूला.” या वेळी मी दुकानात जाण्यापूर्वी विचारले: तू काय पाहतेस, कुठे पाहतेस, केव्हा पाहतेस? उत्तरे नेमकी होती. सड्यावरची फुले. ती उमलतात पावसाळ्यात, म्हणजे कॅमेरा भिजणार. सीतेच्या आसवांसारखे फूल नखाएवढे, दवबिंदूच्या पानावरचा चिकट थेंब त्याहून लहान, म्हणजे अगदी जवळ जाता आले पाहिजे. एका हातात छत्री, म्हणजे दुसऱ्या एका हाताने कॅमेरा चालला पाहिजे. आणि वारा असतोच.

मी, एव्हाना सेन्सरविषयी बरेच वाचून शहाणा झालेला, तिला मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा घेऊन द्यायला निघालो होतो. म्हणजे २००७ सालची चूक नव्या आकड्यासह पुन्हा करायला निघालो होतो. कारण सेन्सर जितका मोठा, तितका त्याच चौकटीत आणि भिंगाच्या तेवढ्याच उघडझापीत चित्राचा स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. माणसाचा चेहरा टिपताना मागचे सगळे धूसर होते, ते सुंदर दिसते. नखाएवढ्या फुलाच्या बाबतीत मात्र पुढची पाकळी स्पष्ट आणि मागचा देठ धूसर, अशी गत होते आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला तर दोन्ही हवे असतात. करंगळीच्या नखाएवढा सेन्सर, जो देवळातल्या अंधारात उणा पडतो, तो फुलाच्या कामी इथे सरस ठरतो. भिजले तरी चालणारे, फुलापासून एक सेंटिमीटरवर जाणारे जे छोटे कॅमेरे आहेत, त्यांतला ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा २०२३ साली आलेला कॅमेरा अवघ्या बारा मेगापिक्सेलचा आहे. करणाऱ्यांना अधिक करता आले नसते असे नाही. त्यांनी काम पाहून आकडा ठरवला. आम्हीही शेवटी त्याच जातीचा, बारा मेगापिक्सेलचा, एक वापरलेला कॅमेरा घेतला. तो भाचीने स्वतः हातात घेऊन, डाव्या हातात माझी छत्री धरून, दुकानाच्या दारात उभे राहून पसंत केला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आधी विचारले, दुकानात नेले, तर भेटीतला आनंदाचा धक्का जातो. मग ती भेट कसली, ती तर खरेदी! मला वाटते, या धक्क्याचे आपल्याला जरा जास्तच कौतुक झाले आहे. अंगठी करायची तर आपण बोटाचे माप घेतो. बांगड्या भरायच्या तर कासार आधी हात हातात घेतो, दाबून पाहतो आणि मगच कोणता जोड चढेल ते सांगतो. त्याने बांगडीचे भेटपण उणे होत नाही. विचारल्याविना दिलेल्या भेटीत धक्क्याचा आनंद बऱ्याचदा देणाऱ्यालाच अधिक होतो. घेणाऱ्याच्या वाट्याला चेहऱ्यावर आनंद दाखवण्याचे काम येते. ज्याला धक्का द्यायचाच असेल त्याने कॅमेऱ्याबरोबर दुसरे काहीतरी द्यावे.

आणि बरोबर द्यायचे बरेच असते. जास्तीची एक बॅटरी द्यावी. जुना कॅमेरा घेत असाल तर ती आजही मिळते का हे आधी पाहावे. कार्ड साध्या एसडी जातीचे आहे ना, याची खात्री करावी. एकेकाळी दोन-तीन कंपन्यांनी आपापली निराळी कार्डे काढली होती आणि त्यांतल्या एक्सडीसारख्या कार्डांचे उत्पादन थांबून वर्षे झाली. मनगटात अडकवायची दोरी द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आपली एक दुपार द्यावी. फ्लॅश कुठे बंद होतो, जवळच्या वस्तूसाठी कोणते चिन्ह निवडायचे, कार्डातले फोटो संगणकावर कसे उतरवायचे, हे शेजारी बसून दाखवावे, आणि पहिले दहा-बारा फोटो छापून हातात ठेवावेत. कोडॅकने १९०० साली ब्राउनी हा पुठ्ठ्याच्या पेटीचा कॅमेरा एक डॉलरला काढला आणि तो मुलांना आवर्जून विकला. लाखो मुलांना तो भेट म्हणून मिळाला असेल. त्यात बटणे जवळजवळ नव्हती, शिकवायचेही फारसे नव्हते. आजच्या लहानशा कॅमेऱ्यातही निवडींची भलीमोठी यादी असते आणि वयस्कर माणसाला ती एकट्याने वाचायला लावणे हे निर्दयपणाचे आहे. २००७ साली आम्ही तीस जणांनी पैसे दिले. दुपार कोणीच दिली नाही.

या ऑगस्टमध्ये भाचीने काढलेल्या फुलांचे काही फोटो छापून मी सरांकडे घेऊन गेलो. सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गडावर जाणे थांबले आहे, टिपणवह्या मात्र हाताशीच असतात. त्यांनी एकेक फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. दवबिंदूच्या पानावरचा थेंब बराच वेळ पाहिला. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, केवढ्याचा, किती मेगापिक्सेलचा, हे त्यांनी विचारले नाही. फोटो परत देताना एवढेच म्हणाले, “फ्लॅश बंद करायला शिकवलंत ना तिला?”

शिकवले होते.